वापर नगण्य

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. मागाहून उगाच दुसऱ्या कुणावर संशय नको. गल्लीतली काही माणसं अजून म्हणतात की चूक मोजणीवाल्याची, काही म्हणतात नगरपालिकेची. म्हणोत बापडी. चिंधी मी बांधली होती.

मी शिवणकाम करते. पस्तीस वर्षं झाली. पुढच्या खोलीत खिडकीला लागून माझी मशीन आहे, कारण दिवा कितीही मोठा लावा, काळ्या कापडावर काळा दोरा उजेडाशिवाय दिसत नाही. खिडकीतून डावीकडे पाहिलं की नाल्यावरचा पूल दिसतो. पूल म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. लोखंडी कठडा, सिमेंटच्या फरश्या, आणि समोरून जाडं माणूस आलं तर आपण आडवं व्हायचं. चाळीस पावलांत पलीकडे. पलीकडे बसचा थांबा, दवाखाना, आणि पुलाला लागून पहिलंच घर माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. पूल नसेल तर त्याच घरी जायला मोठ्या रस्त्याने तीन किलोमीटर चालायचं.

आमचं घर गल्लीच्या कोपऱ्यावर, म्हणून माझी खिडकी मोक्याची. कोण आलं, कोण गेलं, कुणाकडे आदळआपट झाली, सगळं मला कळतं. लोक म्हणतात, हिला चौकशा फार. अहो, हात कामात असले तरी डोळे मोकळे असतात, त्याला मी काय करू?

या खिडकीपायीच गल्लीने मला एक काम नेमून दिलं होतं. आमच्याकडे बंद घराला घरपट्टी निम्मी. वरच्या मजल्यावर माणसं राहात असतील तर जास्त, नुसती अडगळीची खोली असेल तर कमी. आता एका गल्लीत अडगळ असावी तरी किती? सतरा घरांवर सतरा अडगळीच्या खोल्या, आणि त्या अडगळीत पंखे फिरतात, गजर वाजतात, तान्ही लेकरं रडतात. म्हणून नगरपालिकेचा माणूस वही घेऊन दिसला की मी खिडकीच्या गजाला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की पाच मिनिटांत सगळी गल्ली परगावी. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप, माणसं मागच्या दाराने आत. माझी मशीन बंद, रेडिओ बंद, पोरांच्या तोंडावर हात. वाईट होतं का? होतं. पण जे सगळेच करतात त्याला वाईट म्हणायला मोठी छाती लागते, आणि माझी तेवढी नव्हती.

आता जाऊबाईंचं सांगते.

अठरा वर्षांपूर्वी दोघा भावांनी वाटण्या केल्या; हे घर आमच्याकडे, पुलापलीकडचं त्यांच्याकडे. भाऊ शहाणे. त्यांनी कागदावर सह्या केल्या, एकमेकांच्या पाठीवर थाप मारली आणि मोकळे झाले. भांडलो आम्ही दोघी. कशावरून, ते सांगायची आता लाज वाटते. एका लाकडी कपाटावरून. ते त्यांच्याकडे गेलं आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचा उंबरा पुन्हा ओलांडणार नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि माझं कसं, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. दवाखान्यात जाताना त्या दारावरून शंभरदा गेले असेन, मान वळवली नाही. थोरले दीर गेले तेव्हासुद्धा मी दाराबाहेर उभी राहून परत आले. आत गेले नाही. तो दिवस आठवला की आजही मला स्वतःची चीड येते.

दीर जाऊन महिना झाला असेल. एक दिवस सकाळी साडेदहाला दारात जाऊबाई. गुडघे दुखतात त्यांचे, कठडा धरत धरत आल्या होत्या. आत आल्या, माझ्या मशीनशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "चहा टाक." बस्स. ना कपाट, ना उंबरा. तेव्हापासून दोन वर्षं रोज साडेदहा म्हणजे साडेदहा. मी शिलाई मारायची, त्यांनी काजं-बटणं करायची आणि माझ्या प्रत्येक कामात खोट काढायची. गळा खोल गेला, बाही चढली, अस्तर झोल खातंय. मी उलट बोलायची. आमचे हे आतल्या खोलीतून म्हणायचे, "आवाज थांबला का गं? एकीला ताप आला की काय?"

मी मात्र त्यांच्याकडे एकदाही गेले नव्हते. मोठी असून त्या आल्या, धाकटी असून मी गेले नाही. हे मला ठाऊक होतं. रोज साडेदहाला, त्या धापा टाकत खुर्चीत बसायच्या तेव्हा, चांगलं ठाऊक असायचं.

आणि मग तो दिवस. एक झगा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता आणि दोरा तिसऱ्यांदा तुटला होता. जाऊबाईंनी चहाचा पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी?"

मी मान वर न करता म्हणाले, "मग आपल्या घरचा पीत जा की. मी कुठे बोलावणं धाडलं होतं?"

त्यांनी राहिलेली दोन बटणं लावली, दोरा तोडला, सुई उशीत खोचून ठेवली आणि गेल्या. चहा तसाच राहिला. उद्या आल्या की कडक करून देऊ, असं मी मनात म्हणाले. खरंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडते तर पुलाच्या अलीकडच्या टोकाला एक माणूस स्टूल टाकून बसलेला. बारकुळा, गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र, मांडीवर लांबलचक वही, हातात टिकटिक वाजणारं एक छोटं यंत्र. तोंड नेमकं आमच्या गल्लीकडे. चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, घरं टिपायला आलाय. एकदा बाहेर जाऊन विचारायचं ना, "काय हो, कशासाठी बसलात?" पण ज्याच्यापासून लपायचं त्यालाच कोण विचारतं? मी चिंधी बांधली.

गल्ली बंद झाली. आणि काय शिस्तीत झाली म्हणून सांगू! एरवी कचऱ्याचा डबा कुठे ठेवायचा यावर एकमत होत नाही, पण त्या दिवशी सतरा कुलपं लागली आणि एकही पोर खिडकीत आलं नाही. बसचा थांबा चाळीस पावलांवर, आणि माणसं मागच्या बोळातून निघून तीन किलोमीटर फिरून तिथे जात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्या गल्लीचे पुढारी म्हणजे मास्तर, शाळेतून निवृत्त झाले पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. ते संध्याकाळी घामाघूम होऊन मागच्या दारी आले. "अजून किती दिवस हो?" मी म्हटलं, "त्याची वही भरेपर्यंत." मास्तर म्हणाले, "तुमची नजर मात्र घारीची." मी फुशारले.

पहिल्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला कुलूप वाजलं. "अगं, कुठे गेलीस?" जाऊबाईंचा आवाज. मी मशीनवर बसले होते, पाय पायडलवर, हालचाल बंद. त्यांना आमच्या चिंधीचं काही माहीत नव्हतं. त्या यायला लागल्यापासून तशी वेळच आली नव्हती. खिडकीच्या फटीतून एक शब्द टाकला असता तरी भागलं असतं. पण समोर तो वहीवाला बघत होता, आणि एक घर उघडं पडलं असतं तर बाकीची सोळाही पडली असती. हे झालं एक कारण. दुसरं कारण, आता लपवण्यात काय अर्थ, मला जरा बरंही वाटलं. विसळलेलं पाणी म्हणाल्या ना? बसा आता कोरड्या. असलं काहीतरी मनात आलं, आणि मी ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप वाजलं. पुन्हा मी गप्प. आणि नेमके आमचे हे शिंकले. ह्यांची शिंक म्हणजे भांड्यांची फळी कोसळावी तशी. मी डोळे वटारले, ह्यांनी रुमाल तोंडात कोंबला. बाहेरून पुढे काही आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी फटीशी गेलेच नाही, नुसती कान देऊन बसले; कुलूप वाजलंच नाही. मला वाटलं, आज काही आल्या नाहीत.

चौथ्या दिवशी स्टूल गेलं होतं. मी चिंधी सोडली, कुलूप काढलं, आणि साडेदहाला चहा टाकला. असा कडक की चमचा उभा राहावा. अकरा वाजले. ह्यांनी तो चहा प्यायला आणि दुपारभर पोट धरून बसले. पाचव्या दिवशीही कुणी आलं नाही, सहाव्या दिवशीही नाही. काजांचा ढीग साठला. हे म्हणाले, "जाऊन ये."

"मोठ्या आहेत त्या. राग निवला की येतील."

"तू लहान आहेस म्हणून तर म्हणतो, तू जा."

मी ऐकलं नाही. ह्यांचं कधी ऐकलं नाही, त्यातलं निम्मं तरी चुकलंच असेल.

दहाव्या दिवशी पुलाच्या कठड्याला कागद लागला. मास्तरांनी तो मोठ्याने वाचला. सदर पूल जीर्ण झाला असून, तीन दिवसांच्या मोजणीत त्याचा वापर नगण्य आढळल्याने, दुरुस्तीवर खर्च न करता तो पाडण्याचे प्रस्तावित आहे. दररोज किमान दोनशे ये-जा अपेक्षित. हरकती असल्यास अमुक तारखेला सुनावणी.

मास्तरांचा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला. मग सगळ्यांनी एकदम माझ्या खिडकीकडे पाहिलं.

तो माणूस घरं मोजायला आलाच नव्हता. पुलावरून जाणारी माणसं मोजायला आला होता, आणि मी तीन दिवस एकालाही जाऊ दिलं नव्हतं. लोकांना बसथांबा दिसत होता, दवाखाना दिसत होता. मला दिसत होते ते जाऊबाईंचे गुडघे. ते तीन किलोमीटर चालणार नाहीत. पूल पडला की साडेदहा संपले. राग निवला तरी संपले.

त्या संध्याकाळी गल्ली माझ्याच पुढच्या खोलीत जमली. मास्तरांनी डाव मांडला. "आपण एकमुखाने सांगायचं, मोजणीवाला जागेवर नव्हताच. स्टूल टाकून कुठेतरी झोपायला गेला. त्याची वही खोटी."

"तो होता की," मी म्हणाले. "तीन दिवस मी पाहिला."

"तुम्ही आता काही पाहू नका," मास्तर म्हणाले. "चिंधीचं नाव काढलंत तर सतरा घरांची पट्टी वाढेल. वरच्या खोल्यांसकट. तुमच्याही."

आमच्याही वरच्या खोलीत भाडेकरू होते. मी मान डोलावली. त्या बारकुळ्या माणसाच्या नोकरीचं काय होईल, हे डोक्यात आलं होतं. पूल वाचला म्हणजे झालं, असं म्हणून मी ते बाजूला सारलं.

सुनावणीची खोली लांबट होती. पिवळट भिंती, कुरकुरणाऱ्या खुर्च्या, आणि बोलायला लागलं की किंचाळणारा माईक. समोर समितीच्या अध्यक्षबाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांच्या बाजूला तो मोजणीवाला, वही छातीशी धरून. मास्तर छान बोलले. नागरिकांचे हक्क, ज्येष्ठांची सोय, विद्यार्थ्यांचं भवितव्य. आणि शेवटी बोट रोखून, "हा माणूस जागेवरच नव्हता!" आमच्या लोकांनी खुर्च्यांचे हात बडवले.

मोजणीवाल्याचे कान लाल झाले. "बाई, मी होतो. वहीत आहे सगळं."

"वाचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तो उभा राहिला आणि शाळेत धडा वाचतात तसा वाचायला लागला. "पहिला दिवस. सहा चाळीस, पेपरवाला, पलीकडून अलीकडे. सात दहा, तोच परत. दहा सत्तावीस, एक वृद्ध महिला, पलीकडून अलीकडे. कठडा धरून, मध्ये दोनदा थांबल्या. कोपऱ्यावरच्या घराचं कुलूप हलवलं, हाक मारली, पायरीवर वीस मिनिटं बसल्या. दहा बावन्न, त्याच परत."

"हे असले शेरे लिहायला कुणी सांगितलं होतं?" मास्तर म्हणाले.

"कुणी नाही," तो म्हणाला. "माणसंच नव्हती ना. दिवसभर बसून करायचं काय? जे आलं ते नीट लिहिलं."

त्याने पान उलटलं. पुन्हा पेपरवाला. वाट चुकलेला एक माणूस, गल्लीत येऊन परत गेला. "दहा एकोणतीस, त्याच वृद्ध महिला. कुलूप हलवलं. घरातून शिंकेचा आवाज. बाईंनी दाराकडे पाहिलं. नंतर हाक मारली नाही. पायरीवर वीस मिनिटं. परत."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली.

"तिसरा दिवस. दहा पस्तीस, त्याच. हातात चहापत्तीचा पुडा. कुलूप हलवलं नाही. पायरीवर वीस मिनिटं. मला विचारलं, 'या घरातली माणसं बरी आहेत ना?' मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी पुडा पायरीवर ठेवला. चार पावलं गेल्या. परत येऊन पुडा उचलला. अकरा वाजता परत. तीन दिवसांची एकूण ये-जा, चौदा."

त्याने वही मिटली. सभागृहात कुणीतरी हसलं. चौदातले सहा पेपरवाला, सहा एक म्हातारी, आणि दोन चुकलेला माणूस.

मला हसू आलं नाही. शिंक ऐकून, आपल्याला आत घ्यायचं नाही हे कळूनसुद्धा, ही बाई तिसऱ्या दिवशी पुडा घेऊन आली होती. आणि मी म्हणत होते, राग निवला की येतील.

मी उभी राहिले. मास्तरांनी माझी बाही ओढली, मी सोडवून घेतली.

"हा माणूस खोटं बोलत नाही," मी म्हणाले. "खोटं आम्ही बोलतोय. ती शिंक आमच्या ह्यांची."

माईक किंचाळला. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. "म्हणजे तुम्ही घरात होतात?"

"होते. सतराच्या सतरा घरं घरात होती. आम्हाला वाटलं घरपट्टीची पाहणी आहे. नगरपालिकेचा माणूस दिसला की मी खिडकीला लाल चिंधी बांधते आणि सगळे कुलपं लावून लपतात. तीन दिवस माणसं मागून गेली. मास्तर रोज तीन किलोमीटर चालले, त्यांच्या चपला बघा."

सगळ्यांनी चपला बघितल्या. मास्तरांनी पाय खुर्चीखाली घेतले.

"तुम्हाला कळतंय ना," अध्यक्षबाई हळू म्हणाल्या, "याची नोंद होणार?"

"होऊ द्या. माझ्या वरच्या खोलीत अडगळ नाही, भाडेकरू आहेत. तेही लिहा. पण पुलाची मोजणी परत करा."

"मोठ्या रस्त्याने वाट आहे की."

"आहे. पण ती पायरीवर बसलेली बाई माझी जाऊ आहे. तिचे गुडघे तीन किलोमीटर चालायचे नाहीत." मी चारचौघांत रडले. अठरा वर्षांत त्या बाईसाठी पहिल्यांदा रडले, आणि तेही सरकारी माईकसमोर.

अध्यक्षबाईंनी निर्णय दिला. येत्या सोमवारी एक दिवस नव्याने मोजणी. आणि त्याच आठवड्यात गल्लीतल्या सर्व घरांची पाहणी, वरच्या खोल्यांसकट.

बाहेर आल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "तुमच्या एका जावेपायी सतरा घरं." खरंच होतं. दुसऱ्या दिवसापासून शिवायला टाकलेली कापडं परत न्यायला माणसं आली. कुणी भांडलं नाही, नुसतं "राहू द्या" म्हणाले. ते जास्त लागलं. हे मात्र स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "बरं केलंस. फक्त ती शिंक माझी होती हे सांगायची गरज नव्हती."

पुढचं पटकन सांगते. घरपट्टी वाढली, सगळ्यांची. आणि पूल राहिला. दोनशे लागत होती, सोमवारी आकडा भरला चारशे अकरा. मला शिव्या घालत घालत अख्खी गल्ली पुलावरून गेली. मास्तर एकटे सहा वेळा गेले. शेवटी मोजणीवालाच म्हणाला, "मास्तर, मध्ये जरा कुठे टेकत जा, फेऱ्या घालताय असं दिसतं." मास्तर म्हणाले, "मला कामं असतात."

पण मला सांगायचंय ते त्याच सोमवारच्या साडेदहाचं.

मी मशीन बंद केली, चपला घातल्या आणि निघाले. मोजणीवाल्याने मला ओळखलं. त्याने यंत्र टिचकवलं आणि वहीत लिहायला लागला. मी म्हटलं, "शेरा नको हो." तो म्हणाला, "आज सवड कुठाय?"

चाळीस पावलं. मध्ये मीही दोनदा थांबले, आणि माझे गुडघे ठणठणीत आहेत.

जाऊबाईंचं दार लोटलेलं नव्हतं, आतून कडी होती. आत रेडिओ चालू. मी दार वाजवलं. रेडिओ बंद झाला.

"जाऊबाई, मी आहे."

काही नाही. मी पुन्हा वाजवलं. काही नाही. आत माणूस श्वास रोखून बसलं की बाहेर कसं कळतं, ते मला तेव्हा कळलं. मी पायरीवर बसले. पुलावरून माणसं येत होती, मला बघत होती. मास्तर तिसऱ्या फेरीला होते. "काय, बाहेरच?" मी म्हटलं, "हवा चांगली आहे." त्यांनी खिशातली वर्तमानपत्राची घडी काढली, मला वारा घ्यायला दिली आणि गेले.

मग मी दाराकडे पाठ करून बोलले. समोर बघून बोलता आलं नसतं. "चहा पातळ होता. मी घरात होते. तिन्ही दिवस होते. पहिल्या दिवशी तुम्हाला बाहेर बसवून मला बरं वाटलं. आणि भाऊजी गेले तेव्हा मी आत यायला हवं होतं. कपाट मला कधीच नको होतं, जागाही नव्हती ठेवायला." आणखीही काही बोलले असेन.

दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ पायरीवरून दिसतं. दहा वाजून सत्तावन्न मिनिटांनी कडी वाजली.

जाऊबाई दारात. केस विंचरलेले, चष्म्याच्या काचा धुतलेल्या. "किती वेळ बसलीस?"

"वीस मिनिटं."

"मी तीन दिवस बसले."

"ठाऊक आहे."

"म्हणजे साठ होतात. चाळीस राहिली." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "ती आत बसून भर. लोक बघताहेत."

मी उंबरा ओलांडला. खोली लहान होती. दिरांची काठी कोपऱ्यात तशीच होती. आणि समोर ते कपाट. एका बाजूला कललेलं, खाली विटेचा तुकडा. त्यासाठी मी अठरा वर्षं!

जाऊबाईंनी ते दोन्ही हातांनी ओढून उघडलं आणि आतून एक पुडा काढून माझ्या हातात दिला. चहापत्तीचा. वरची चिकटपट्टी तशीच, फोडलेला नव्हता. इतके दिवस त्या काय पीत होत्या, मी विचारलं नाही.

"कात्री असेलच तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "फोड. आणि या वेळी पत्ती बघून घाल."